टू-स्ट्रोकच्या पोटातला दरवाजा: चेतक, आरएक्स १०० आणि अंगठ्याएवढ्या मॉडेल इंजिनांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात संध्याकाळी रस्ता भरून वाहत असतो. कुणी शिफ्ट संपवून परततंय, कुणी क्लासला निघालंय, कुणी भाजी घेतंय. अशा गर्दीत एखादी जुनी टू-स्ट्रोक गाडी गेली की पन्नाशीच्या पुढचा माणूस मान वर न करता सांगतो, "चेतक आहे." किंवा "आरएक्स आहे, सायलेन्सर बदललेला दिसतोय."

दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक. दोन्हींत कॅम नाही, टॅपेट नाही, फोर-स्ट्रोकसारखे डोक्यावरचे व्हॉल्व्ह नाहीत. तरी एक संथपणे डुगडुगत चढ चढते आणि दुसरी अॅक्सिलरेटर पिळला की अंगात आल्यासारखी सुटते. असं का?

यामागे कारणं बरीच आहेत. सिलिंडरमधल्या खिडक्या, सायलेन्सरचा आकार, फ्लायव्हीलचं वजन, गिअर. पण एक कारण असं आहे ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते बाहेरून दिसतच नाही. ते म्हणजे कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनात घेणारा दरवाजा. तो कधी उघडायचा, कधी मिटायचा आणि हे ठरवायचं कुणी, या एका प्रश्नावर इंजिनिअर लोकांनी शंभर वर्षांहून जास्त काळ डोकं खपवलंय.

हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ दिसतो तो अंगठ्याएवढ्या मॉडेल इंजिनांत. खेळण्यातल्या विमानाला पंखा फिरवणारी ही इंजिनं कधीकधी १ सीसीपेक्षाही लहान असतात. त्यांत लपवायला जागाच नसते, त्यामुळे दरवाजा बदलला की इंजिनाचा स्वभाव कसा बदलतो ते लगेच कळतं. म्हणून इथे मोठ्या गाड्या आणि ही छोटी इंजिनं सोबतच बघू.

आधी लोहाराचा भाता आठवा

भाता वर उचलला की आतली चामड्याची झडप उघडते आणि हवा आत येते. भाता दाबला की झडप मिटते आणि हवा नळीतून विस्तवावर जाते. टू-स्ट्रोक इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, अगदी हेच काम करतो.

पिस्टन वर गेला की त्याच्या खाली, क्रँककेसमध्ये, पोकळी तयार होते आणि ताजं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये शिरतं. तिथे पेटतं, जळतं, सायलेन्सरमधून बाहेर पडतं. म्हणजे पिस्टनच्या वर स्फोट आणि पिस्टनच्या खाली भाता, अशी दोन कामं एकाच फेरीत उरकतात.

आता अडचण कुठे येते? पिस्टन खाली यायला लागल्यावरही दरवाजा उघडाच राहिला, तर आत घेतलेलं मिश्रण आल्या वाटेने परत कार्ब्युरेटरकडे फेकलं जातं. आणि दरवाजा फार लवकर मिटला, तर भाता अर्धाच भरतो.

वेळेचा हिशोबही बघा. आरएक्स १०० आपली कमाल ताकद ७५०० आरपीएमला देते. म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, एका फेरीला ८ मिलिसेकंद. त्यातला निम्म्याहूनही कमी वेळ दरवाजाच्या वाट्याला येतो. डोळ्याची एक उघडझाप होईपर्यंत हा दरवाजा दहाबारा वेळा उघडून मिटलेला असतो.

पुढचं समजायला सोपं जावं म्हणून क्रँकची एक फेरी घड्याळाच्या चकतीवर बघू. पिस्टन एकदम वर असतो तेव्हा १२ वाजले, एकदम खाली असतो तेव्हा ६. सहा ते बारा पिस्टन वर चढतो, बारा ते सहा खाली उतरतो.

पहिली पद्धत: पिस्टनलाच दरवाजा करा

सिलिंडरच्या भिंतीला खालच्या बाजूला एक भोक पाडायचं आणि तिथे कार्ब्युरेटर लावायचा. पिस्टन वर गेला की त्याची खालची कड भोकाच्या वर सरकते, वाट मोकळी होते. पिस्टन खाली आला की तेच अंग भोक झाकतं. वेगळा पार्ट लागत नाही, स्प्रिंग लागत नाही, झिजायला काही नाही.

गंमत म्हणजे पहिल्यावहिल्या इंजिनात असं नव्हतं. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास क्रँककेसमधून श्वास घेणारं टू-स्ट्रोक इंजिन बनवलं, त्यात भात्यासारखीच एकतर्फी झडप होती. त्यांच्याकडेच काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक यांनी १८९२ मध्ये ती काढून टाकली आणि ते काम पिस्टनच्या कडेकडून करून घेतलं. त्यानंतर अनेक दशकं जगभरातल्या स्वस्त इंजिनांनी हाच मार्ग धरला. आपल्याकडची राजदूत १७५ आणि म्हैसूरला बनणारी येझदी २५० याच घराण्यातल्या. इंग्लंडमध्ये १९४६ च्या सुमारास आलेलं 'मिल्स' हे छोटं मॉडेल डिझेल इंजिनही याच पद्धतीचं.

मग यात खोट काय? घड्याळ बघा. पिस्टन ज्या उंचीवर चढताना भोक उघडतो, बरोबर त्याच उंचीवर उतरताना ते मिटवतो. पावणेदहाला उघडलं तर सव्वादोनलाच मिटणार. भाता जास्त भरावा म्हणून सव्वानऊला उघडा म्हटलं, तर पावणेतीनपर्यंत दार सताड उघडं. जोरात पळणाऱ्या इंजिनात मिश्रणाला इतका वेग असतो की पिस्टन उतरायला लागला तरी ते आत घुसत राहतं, त्यामुळे चालून जातं. पण हळू चालताना तेच मिश्रण मागे थुंकलं जातं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एअर फिल्टरवर पेट्रोल-ऑइलचा ओला थर दिसतो तो यातून. मायलेज जातं, आयडलिंग अडखळतं.

या सारखेपणाचा एक मजेशीर परिणामही आहे. असं इंजिन उलटं फिरवलं तरी त्याला काही फरक पडत नाही. जर्मनीच्या मेसरश्मिट कंपनीची केआर २०० ही तीनचाकी छोटी कार १९५५ मध्ये आली. तिला रिव्हर्स गिअरच नव्हता. इंजिन बंद करायचं आणि उलट्या दिशेने चालू करायचं, बस. त्यामुळे तिला पुढे जायला चार गिअर होते आणि मागे जायलाही चार.

दुसरी पद्धत: फिरता दरवाजा, म्हणजे चेतकचं गुपित

उघडण्याची आणि मिटण्याची वेळ वेगवेगळी हवी असेल, तर दरवाजा पिस्टनकडून काढून फिरणाऱ्या क्रँककडे द्यावा लागतो. इथे वाळूजचा संबंध येतो.

बजाज चेतक बाजारात आली १९७२ मध्ये. तिचं इंजिन इटलीच्या व्हेस्पा घराण्यातलं, बोअर ५७ मिमी, स्ट्रोकही ५७ मिमी, एकूण १४५.४५ सीसी. शहराच्या पश्चिमेला वाळूजमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन १९८५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. पायाभरणीनंतर अवघ्या सोळा महिन्यांत तिथे उत्पादन सुरू झालं होतं. या कारखान्याने आणि त्याच्यामागून आलेल्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी या शहराचं काय केलं, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण इथल्या एका अख्ख्या पिढीने टू-स्ट्रोक इंजिन जवळून पाहिलं ते या काळात.

चेतकच्या इंजिनात कार्ब्युरेटर सिलिंडरला लावलेला नसतो. तो थेट क्रँककेसवर बसतो. त्याच्या खाली केसमध्ये एक आयताकृती खिडकी, आणि त्या खिडकीला जवळपास घासून फिरणारी क्रँकची जाड चकती. चकतीच्या कडेचा एक भाग कापलेला असतो. तो कापलेला भाग खिडकीसमोर आला की वाट उघडते, गेला की मिटते.

आता घड्याळ आपल्या मर्जीचं झालं. दरवाजा साधारण सव्वाआठ-साडेआठला उघडतो आणि दोनच्या आत मिटतो. भरायला भरपूर वेळ, परत फेकायला कमी. कमी आरपीएमलाही भाता नीट भरतो, म्हणून चेतक घरचं चार माणसांचं कुटुंब आणि पुढे गॅसची टाकी घेऊन चढ चढायची. (चौघांना बसवायला नव्हतीच ती, पण ते कुणाला सांगता?)

दुसरा फायदा तितकाच मोठा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल थेट क्रँकवर आणि बेअरिंगच्या बाजूला पडतं. त्यामुळे वंगण कमी लागतं. व्हेस्पाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आणली तेव्हा पेट्रोलमध्ये फक्त दोन टक्के ऑइल पुरतं, याचीच जाहिरात केली होती. आधीच्या इंजिनांना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागायचं. कमी ऑइल म्हणजे कमी धूर, कमी काजळी आणि प्लग साफ करायच्या कमी फेऱ्या.

पण याची किंमत मोजावी लागते. क्रँकची चकती आणि केसमधली ती खिडकीची गादी यांच्यात अंतर किती, तर मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजायचा आणि त्यातले काही. हीच फट म्हणजे सील. एअर फिल्टर फाटला, मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची धूळ आत गेली किंवा बेअरिंग ढिलं होऊन क्रँक डुलायला लागला, की गादीवर ओरखडे पडतात. एकदा ओरखडे पडले की दरवाजा गळायला लागतो. आणि ही गादी काही सुटा पार्ट नाही, ती केसचाच भाग आहे. रिंग बदलली, पिस्टन बदलला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, तरी गाडी किकला चालू होत नाही आणि आयडलला मरते, अशी तक्रार असेल तर संशय इथे घ्यावा.

जुनी चेतक किंवा व्हेस्पा घेऊन रिस्टोर करायची फॅशन सध्या जोरात आहे. घेताना रंग आणि सीट कव्हर सगळे बघतात. त्याआधी कार्ब्युरेटर उतरवून, क्रँक फिरवून खिडकी बंद करून, तिच्यावर थोडं ऑइल ओतून बघायला सांगा. ऑइल तसंच थांबलं तर गादी शाबूत. भुर्रकन खाली गेलं तर पुढचा खर्च रंगापेक्षा मोठा आहे.

तोच दरवाजा, पण पोकळ दांड्यात

मॉडेल इंजिनवाल्यांनी हीच कल्पना आणखी साधी केली. क्रँकशाफ्ट, म्हणजे ज्याच्या टोकाला पंखा बसतो तो दांडाच पोकळ करायचा आणि त्याच्या अंगाला एक खिडकी कापायची. वर कार्ब्युरेटर. दांडा फिरताना खिडकी कार्ब्युरेटरखाली आली की मिश्रण दांड्याच्या पोटातून क्रँककेसमध्ये. एकही पार्ट वाढला नाही. घड्याळावर बोलायचं तर हा दरवाजा साधारण सव्वासातला उघडतो आणि दीड-पावणेदोनला मिटतो, म्हणजे अर्ध्या फेरीपेक्षा थोडा जास्त वेळ उघडा.

मॉडेल विमानांच्या दुनियेत सगळ्यात जास्त दिसते ती हीच रचना. इंधनही बघण्यासारखं असतं. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणाला चक्क एरंडेल. आजीच्या कपाटातलं. हे एरंडेल मिसळलेलं मिश्रण दांड्यातूनच जात असल्यामुळे पुढच्या बेअरिंगला आपोआप वंगण मिळतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकवतात, त्यात दोन तारांच्या टोकाला गोल गोल उडणाऱ्या विमानांवर अशी इंजिनं ज्यांनी चालवली आहेत, त्यांना त्या जळक्या एरंडेलाचा वास जन्मभर आठवतो.

मर्यादा उघड आहे. जास्त हवा हवी तर भोक मोठं हवं, भोक मोठं केलं तर दांडा कमकुवत. म्हणून दांडा जाड करा, मग वजन वाढतं, घर्षण वाढतं. शिवाय मिश्रणाला वरून आत आणि मग मागे असं काटकोनात वळावं लागतं. शर्यतीवाल्यांना हे वळण फार खुपतं.

तिसरी पद्धत: पातळ चकती, आणि एका पळून गेलेल्या रायडरची गोष्ट

खुपणाऱ्या वळणावरचा उपाय म्हणजे डिस्क व्हॉल्व्ह. क्रँककेसच्या बाजूला एक पातळ चकती क्रँकबरोबर फिरवायची आणि तिचा एक भाग पुरीतून चतकोर काढावा तसा कापून टाकायचा. कार्ब्युरेटर त्या चकतीच्या बाहेर, थेट क्रँककेसकडे तोंड करून. वाट आखूड आणि सरळ. वेळ बदलायची असेल तर इंजिन उघडायची गरज नाही, वेगळ्या कापाची चकती बसवली की झालं.

पूर्व जर्मनीच्या डॅनियल झिमरमान यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी चकती आपल्या रेसिंग इंजिनाला बसवली. ती कल्पना उचलली वॉल्टर काडन या इंजिनिअरने. काडन एमझेड या सरकारी कंपनीच्या रेसिंग विभागाचे प्रमुख. पैसा नाही, चांगलं स्टील नाही, पण माणूस भारी. फिरती चकती, आवाजाच्या लाटांचा वापर करणारा फुगीर सायलेन्सर आणि सिलिंडरमध्ये एक जास्तीची वाट, या तिघांची सांगड घालून १९६१ पर्यंत त्यांनी १२५ सीसीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती काढली. तुलना करायची तर चोवीस वर्षांनी आलेली आरएक्स १०० तिच्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती देते आणि आपण तिला रॉकेट म्हणतो.

१९६१ च्या सप्टेंबरमध्ये एमझेडचा स्टार रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पूर्व जर्मनीला परत गेलाच नाही. तो सुझुकीला जाऊन मिळाला आणि जाताना काडन यांच्या इंजिनाचं ज्ञान सोबत नेलं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरने सुझुकीला ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढच्या सगळ्या भरारीची सुरुवात या चोरीतून झाली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पुढे कावासाकीने रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांतही ही चकती वापरली, आणि तिथून ती आपल्याकडे आली. वाळूजचा कारखाना सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, बजाजने एम-८० बरोबर कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आणली. केबी १०० चं इंजिन रोटरी डिस्कवालं. तिचा कार्ब्युरेटर सिलिंडरच्या मागे शोधायला गेलात तर सापडणार नाही, तो इंजिनाच्या बाजूच्या कव्हरमध्ये दडलेला असतो.

मग ही पद्धत सगळीकडे का नाही? कार्ब्युरेटर बाजूला आला की इंजिन रुंद होतं. गाडी पडली की तीच बाजू आधी आपटते. दोन सिलिंडर शेजारी शेजारी असतील तर ठीक, तिसऱ्या सिलिंडरला चकती लावायची कुठे? मॉडेल इंजिनात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. तिथे चकती किंवा ड्रम इंजिनाच्या पाठीमागे लावतात, त्यामुळे पुढचा दांडा भरीव आणि मजबूत राहतो. वेगाच्या शर्यतीतल्या कितीतरी मॉडेल इंजिनांनी हाच मार्ग धरला. पण चकती, तिची खुंटी, मागचं झाकण, सगळं अचूक बनवावं लागतं. लेथवर हात बसलेला नसेल तर इथे निराशाच पदरी पडते.

चौथी पद्धत: दरवाजालाच अक्कल द्या

आता परत भात्याकडे. जोसेफ डे यांनी जी एकतर्फी झडप वापरली आणि कॉक यांनी जी काढून टाकली, तीच नव्या रूपात परत आली. नाव रीड व्हॉल्व्ह. विहिरीवर मोटर असेल त्यांना फूटव्हॉल्व्ह माहीत असतो: पाणी वर येऊ देतो, खाली पडू देत नाही. रीड म्हणजे मिश्रणाचा फूटव्हॉल्व्ह. तंबूसारख्या तिरप्या चौकटीवर पातळ पात्या बसवलेल्या. क्रँककेसमध्ये ओढ निर्माण झाली की पात्या वाकून उघडतात, दाब आला की मिटतात.

इथे घड्याळच नाही. इंजिन हळू चालत असेल तर पाती थोडी आणि थोडा वेळ उघडते, जोरात असेल तर तिच्या परीने जास्त. उलटं थुंकणं जवळपास बंद. म्हणून सिलिंडरच्या खिडक्या वेगासाठी मोठ्या ठेवूनही गाडी गर्दीत शहाण्यासारखी चालते.

यामाहाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या गाड्यांना रीड द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे १९८३ ला आलेली राजदूत ३५० ही त्यांचीच आरडी ३५०, रीडवाली. १९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्समार्फत आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली आरएक्स १०० सुद्धा रीडवालीच. कायनेटिक होंडाही. ऐंशीच्या दशकात आलेल्या या गाड्या आधीच्या राजदूत-येझदीपेक्षा इतक्या वेगळ्या का वाटल्या, याच्या उत्तरात या चार-सहा पातळ पात्यांचा वाटा मोठा आहे.

अर्थात फुकट काहीच नाही. पाती उघडायला थोडी का होईना ओढ लागते, म्हणजे वाटेत कायमचा एक अडथळा. पाती कडक ठेवली तर कमी आरपीएमला उघडायला आळस करते, मऊ ठेवली तर जास्त आरपीएमला फडफडते आणि वेळेवर मिटत नाही. शिवाय ती थकते. स्टीलची पाती तुटून तुकडा आत गेला तर सिलिंडर खरवडतो. फायबर किंवा कार्बनच्या पात्या तुटल्या तर नुकसान कमी होतं, पण त्या टोकाला झिजतात. तपासणी सोपी आहे: रीड ब्लॉक काढून उजेडासमोर धरायचा. पाती आणि चौकटीच्या मधून उजेड दिसला की ती नीट मिटत नाही, असं समजायचं.

एकच कंपनी, एकाच मापाची दोन इंजिनं

या सगळ्या चर्चेचा उत्तम पुरावा कॅलिफोर्नियाच्या कॉक्स कंपनीने देऊन ठेवलाय. १९५० च्या दशकात त्यांनी 'बेब बी' नावाचं ०.८ सीसीचं इंजिन आणलं. मागच्या बाजूला छोटी टाकी आणि आत चांदणीच्या आकाराची एक पातळ रीड. अमेरिकेतल्या लाखो मुलांनी आयुष्यात पहिलं इंजिन चालू केलं ते हे किंवा याचं भावंड. बनवायला स्वस्त, चालू करायला सोपं.

१९६० च्या सुमारास त्याच कंपनीने 'टी डी' आणलं. माप तेच, ०.८ सीसी. पण दरवाजा पोकळ दांड्यातला. बेब बी दहा-बारा हजार आरपीएमच्या आसपास समाधानी, तर टी डी लहान पंख्यावर २० हजारांच्या पुढे जायचं. २० हजार म्हणजे एका फेरीला फक्त ३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात वाकून परत मिटायचं म्हणजे इवल्याशा पातीची परीक्षाच. दांड्यातल्या खिडकीला मात्र वाकायचंच नाही, ती फिरत राहते. सगळं श्रेय दरवाजाला देता येणार नाही, टी डीच्या सिलिंडरमधल्या वाटाही जास्त चांगल्या होत्या. पण कंपनीने वेगासाठी रीड सोडून दांड्याकडे जावं, यातच उत्तर आहे.

आणि बेब बीची खोड? ते उलटंही चालू व्हायचं. रीडला दिशा कळत नाही, आणि या इंजिनांत ठिणगीची ठराविक वेळ नसते, तारेचा प्लग सतत लाल असतो. त्यामुळे पंखा उलटा फिरू लागायचा आणि विमान मागे ढकललं जायचं. अनेकांची बोटं यात सोलवटून निघाली आहेत.

मग बेस्ट कोणता?

इन्स्टाग्रामवर या प्रश्नाला पंधरा सेकंदांत उत्तर मिळतं: 'मोठा रीड ब्लॉक टाका, आरएक्स उडते.' तसं नसतं. दरवाजा ताकद तयार करत नाही. तो फक्त ठरवतो की भाता कोणत्या आरपीएमला चांगला भरेल. वरच्या टोकाला मिळवलं तर खालच्या टोकाला थोडं द्यावं लागतं, आणि कार्ब्युरेटर, सिलिंडर, सायलेन्सर तेच ठेवून एकटा रीड ब्लॉक बदलला तर बहुतेक वेळा खिसा तेवढा हलका होतो. शहरात गाडी कोणत्या आरपीएमला जास्त चालते हे बघितलं, तर कंपनीने बसवलेला रीडच शहाणपणाचा ठरतो.

शर्यतीच्या मैदानात तर हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. १२५ सीसी ग्रां प्रीमध्ये होंडाने रीड धरून ठेवला आणि एप्रिलियाने फिरती चकती. २०११ मध्ये टू-स्ट्रोकचा तो गट बंद झाला, तेव्हा शेवटचं जगज्जेतेपद निको तेरोलने जिंकलं ते एप्रिलियावर. म्हणजे ज्या गाडीला फक्त वरच्या आरपीएमलाच जगायचं होतं, तिथे झिमरमान यांची चकती साठ वर्षांनीही पुरून उरली. केटीएमच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांना मात्र क्षणात चिखल, क्षणात उडी असं सगळंच करावं लागतं, तिथे रीड.

मॉडेल इंजिन विकत घेणाऱ्याला किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लेथवर बनवायला निघालेल्याला सल्ला द्यायचा तर तो बऱ्यापैकी सरळ आहे. पहिलं इंजिन पोकळ दांड्याचं बनवावं, कारण चूक झाली तर एकच पार्ट परत करावा लागतो. वेग नको, फक्त विश्वासाने चालणारं, मोठा पंखा सावकाश फिरवणारं हवं असेल तर पिस्टनचाच दरवाजा पुरेसा आहे आणि बनवायला सगळ्यात सोपा. रीड अगदी छोट्या मापात आणि सोप्या स्टार्टिंगसाठी उत्तम, पण पातीचा पत्रा योग्य जाडीचा मिळाला तरच. मागच्या चकतीच्या वाटेला हात बसल्यावरच जावं.

जे कोणत्याच दरवाजाला जमलं नाही

इतकी हुशारी खर्च झाली ती आत येण्याच्या वाटेवर. टू-स्ट्रोकचा खरा घात झाला तो बाहेर जाण्याच्या वाटेवर. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा सायलेन्सरची खिडकी उघडीच असते, कारण जुना धूर ढकलून काढायचं कामही या ताज्या मिश्रणालाच करायचं असतं. त्यात कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात पाव ते तिसरा हिस्सा मिश्रण न जळताच धुराबरोबर निघून जातं. नळ सुरू आणि बादलीला भोक, असा प्रकार. रीड लावा, डिस्क लावा, चेतकसारखी गादी लावा, या भोकाला फरक पडत नाही.

१९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये देशात धुराचे नियम कडक झाले आणि या बादलीचा हिशोब मांडला गेला. आरएक्स १०० गेली. चेतक आधी फोर-स्ट्रोक झाली, मग बंद पडली. २०१९ मध्ये ती परत आली, पण इलेक्ट्रिक होऊन. मॉडेल विमानांतही आता बहुतेकांनी बॅटरी आणि मोटर बसवली आहे. कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक आज उरलंय ते गवत कापायच्या मशीनमध्ये, लाकूड कापायच्या करवतीत आणि पाठीवर घेऊन फवारणी करायच्या ब्लोअरमध्ये. अशी मशीन खोलून बघायची संधी मिळाली तर कार्ब्युरेटर कुठे बसवलाय ते आधी बघा. सिलिंडरला चिकटलेला असेल तर बहुधा दरवाजा पिस्टनच्या ताब्यात आहे, मध्ये पात्यांची चौकट दिसली तर रीड, आणि थेट क्रँककेसवर असून आत फिरती चकती दिसली तर चेतकचं नातेवाईक.